नॅट टाइप ३

प्लेस्टेशनच्या सेटिंग्जमध्ये, नेटवर्कच्या पानावर, 'टेस्ट इंटरनेट कनेक्शन' असं एक बटण असतं. ते दाबलं की चार-पाच ओळी येतात. आयपी अॅड्रेस मिळाला, इंटरनेट आहे, डाउनलोड इतकं, अपलोड इतकं. त्यातली एक ओळ बहुतेक लोक आयुष्यात कधी वाचत नाहीत. 'नॅट टाइप.' तिच्यापुढे १, २ किंवा ३ यांपैकी एक आकडा असतो. आमच्या घरी तो ३ होता, आणि त्यामुळे मला माझ्या भावाचा आवाज ऐकू येत नव्हता.

बाकी सगळं ठीक होतं. त्याची गाडी दिसायची, तो गोल मारायचा, स्कोअर बदलायचा. पण पार्टी चॅट सुरू केलं की त्याच्या नावापुढे एक उद्गारचिन्ह यायचं आणि दोन्हीकडे शांतता. स्क्रीनवर दोघं शेजारी शेजारी, आणि मध्ये काच लावल्यासारखं.

धाकटा डॉर्टमुंडला मास्टर्स करतो. मी नाशिकला आई-बाबांसोबत राहते, एका सीएच्या ऑफिसात काम करते. तो जाण्याआधी आम्ही एकाच सोफ्यावर बसून खेळायचो, कोपर मारत, एकमेकांचा कंट्रोलर ओढत. जाताना त्याने जुना पीएस४ माझ्याकडे ठेवला आणि तिकडे पहिल्या सहा महिन्यांत सेकंडहँड एक घेतला. ठरलं असं की दर शुक्रवारी आपल्याकडचे रात्रीचे ११, हिवाळ्यात तिकडचे साडेसहा, रॉकेट लीग. गाड्यांनी फुटबॉल खेळायचा खेळ आहे हा. पाच मिनिटांची मॅच, दोघांविरुद्ध दोघं. २०२०पासून फुकट आहे, त्यामुळे दोन्ही घरांच्या बजेटात बसतो. सर्व्हर आम्ही मध्यपूर्वेतला निवडतो. तो दोघांनाही सारखाच गैरसोयीचा आहे, म्हणून भांडण होत नाही.

तुम्ही म्हणाल, मग व्हॉट्सअॅप कॉल लावा की. लावला होता. पण कॉल म्हटलं की आमचा धाकटा कॉलवरचा मुलगा होतो. "जेवलास का?" "हो." "थंडी आहे का?" "आहे." "अभ्यास?" "चाललाय." आई फोन घेते, बाबा मागून हात हलवतात, सगळे हसतात, चार मिनिटांत संपतं. समोरासमोर चेहरा असला की त्याच्याकडून काही निघत नाही. लहानपणापासून असंच आहे. त्याला काही सांगायचं असेल तर हाताला काम लागतं. शेंगा सोलताना सांगेल, सायकलची चेन बसवताना सांगेल, गाडीच्या मागच्या सीटवर बसून माझ्या पाठीला सांगेल. दहावीत गणितात काय झालं ते त्याने मला पतंगाला कणी बांधताना सांगितलं होतं. रॉकेट लीग हे त्याचं शेंगा सोलणं होतं. त्यामुळे तो आवाज मला हवा होता.

वॉचमन

नॅट म्हणजे नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेशन. आपण ज्याला राउटर म्हणतो त्याचं खरं काम हेच. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४मध्ये, असे पत्ते साधारण ४२९ कोटी होऊ शकतात. हा आकडा ठरला तेव्हा एका घरात दोन फोन, एक टीव्ही, एक लॅपटॉप, एक कॅमेरा आणि एक गेमचा डबा असेल असं कोणाच्या डोक्यात नव्हतं. पत्ते संपणार हे नव्वदच्या दशकातच दिसायला लागलं आणि मे १९९४मध्ये नॅटची कल्पना कागदावर आली. तात्पुरता उपाय म्हणून. आपल्याकडे तात्पुरत्या पत्र्याच्या शेडचं जे होतं तेच त्याचं झालं.

समजा एक सोसायटी आहे. बाहेरच्या जगाला तिचा एकच पत्ता माहीत आहे. आत फ्लॅट नंबर आहेत, पण ते आतल्या आत. १९२.१६८ने सुरू होणारे आकडे तुम्ही पाहिले असतील, ते हे फ्लॅट नंबर. तुमच्या घरी आहेत तेच माझ्या घरी आहेत आणि डॉर्टमुंडलाही आहेत. गेटवर वॉचमन म्हणजे राउटर. तुम्ही फ्लॅटमधून काही मागवलंत की तो वहीत लिहून ठेवतो: अमुक ठिकाणचं पार्सल आलं की ३०२ला सोडायचं. पार्सल येतं, तो वही बघतो, सोडतो. यूट्यूब, बँक, गेमचा सर्व्हर, सगळं असंच चालतं, कारण सुरुवात आपण करतो.

पण न मागवता कोणी आलं तर? वहीत नोंद नाही, म्हणून वॉचमन परत पाठवतो. आणि पार्टी चॅटमध्ये नेमकं हेच होतं. तिथे दोन प्लेस्टेशन शक्य तेव्हा एकमेकांशी थेट बोलायला बघतात. माझा डबा त्याच्या दारात जातो, तिथला वॉचमन म्हणतो नोंद नाही. त्याचा डबा माझ्या दारात येतो, माझा वॉचमन म्हणतो नोंद नाही. दोघंही आपापल्या गेटवर उभे. व्हॉट्सअॅपचा कॉल अशा वेळी मधल्या सर्व्हरकडून फिरवून नेला जातो, म्हणून तो लागतो.

टाइप १ म्हणजे मध्ये वॉचमनच नाही. टाइप २ म्हणजे आहे, पण समजूतदार. टाइप ३ म्हणजे कडक. एक्सबॉक्सवर यालाच ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट म्हणतात, निन्टेंडो स्विचवर ए, बी, सी अशी अक्षरं असतात. प्रकार तोच. आणि यात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: दोन्हीकडचा वॉचमन मोकळा असायची गरज नसते. दोघांपैकी एकाचं दार उघडं असलं तर बहुतेक वेळा जमून जातं.

धाकटा विद्यार्थ्यांच्या होस्टेलमध्ये राहत होता. तिथलं नेटवर्क होस्टेलचं, त्याच्या हातात काही नाही. म्हणजे दार उघडायचं तर ते नाशिकला.

डब्यामागचं स्टिकर

राउटरच्या मागे किंवा तळाला एक स्टिकर असतं. त्यावर एक पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, एक युजरनेम आणि एक पासवर्ड. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचं आतलं पान उघडतं. आमच्याकडे युजरनेम 'अॅडमिन' होतं आणि पासवर्डही 'अॅडमिन'. हे पहिल्यांदा बदला, गेमिंग करत नसाल तरी. २०१६मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते अशाच कंपनीने दिलेल्या आणि कोणी न बदललेल्या पासवर्डांच्या जोरावर. त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या साइट काही तास बंद पडल्या.

मग मी डबे मोजले. आमच्याकडे दोन होते. एक फायबरचा, भिंतीला टांगलेला, नेटवाल्याने लावलेला. दुसरा आम्ही विकत घेतलेला राउटर, हॉलमध्ये. फायबरचा डबा नुसती प्रकाशाची केबल उतरवून घेत नव्हता, तोही स्वतः राउटर होऊन बसला होता. म्हणजे सोसायटीच्या गेटवर एक वॉचमन आणि विंगच्या जिन्यात दुसरा, दोघांच्या वह्या वेगळ्या. याला डबल नॅट म्हणतात. ओळखायचं सोपं आहे: आपल्या राउटरच्या पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' असं लिहिलेल्या जागी जो पत्ता दिसतो तोही १९२.१६८ने सुरू होत असेल तर वर अजून एक जण बसलाय.

उपाय म्हणजे वरच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकायचं. मग तो वही ठेवत नाही, नुसती वाट देतो. त्यासाठी नेटवाल्याकडून पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड लागतो. फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, घरात कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना द्या ना, जरा टेक्निकल आहे." मी फोन बाबांना दिला. बाबा म्हणाले, "हं, बोला, मी मुलीला विचारून सांगतो." तो मुलगा एक-एक वाक्य बोलायचा, बाबा माझ्याकडे बघायचे, मी उत्तर द्यायचे, बाबा ते जसंच्या तसं म्हणायचे. तिसऱ्या वाक्याला त्याने स्वतःच सांगितलं, "काका, मॅडमनाच द्या."

ब्रिज झालं. प्लेस्टेशनला वायफायवरून काढून लॅनची केबल लावली, कारण वायफाय आमच्या मजल्यावर अकरा घरांचं आहे आणि त्यात मायक्रोवेव्हही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो. राउटरमध्ये प्लेस्टेशनला कायमचा फ्लॅट नंबर दिला. याला डीएचसीपी रिझर्वेशन म्हणतात. तो दिला नाही तर दिवे गेले-आले की नंबर बदलतो आणि त्या नंबरवर केलेलं सगळं वाया. मग यूपीएनपी चालू केलं. त्याने गेमचा डबा स्वतःच वॉचमनला सांगू शकतो, "माझ्यासाठी अमुक दार उघडं ठेव." ते चालत नसेल तर पोर्ट हाताने फॉरवर्ड करायचे: प्लेस्टेशनसाठी यूडीपी ३४७८ आणि ३४७९, एक्सबॉक्ससाठी ३०७४.

याच टप्प्यावर बरेच जण सल्ला देतात की गेमच्या डब्याला सरळ डीएमझेडमध्ये टाका. म्हणजे जे कोणी येईल ते सगळं याच्याकडे सोड. चालतं ते. पण उद्या तोच फ्लॅट नंबर कॅमेऱ्याला गेला तर कॅमेरा रस्त्यावर उघडा पडेल. यूपीएनपीलाही धोका आहेच: जानेवारी २०१३मध्ये रॅपिड७ या कंपनीने तपासलं तेव्हा यूपीएनपीमधल्या चुकांमुळे बाहेरून हल्ला होऊ शकेल अशी ४ ते ५ कोटी उपकरणं सापडली होती. म्हणून राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, जुना चायनीज कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर टाकला आणि मग पुढे गेले.

टेस्ट इंटरनेट कनेक्शन. नॅट टाइप ३.

वरचं गेट

आता राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १०० ने सुरू होत होता. आणि फोनवर 'माझा आयपी काय' असं शोधलं तर भलताच आकडा येत होता. दोन्ही जुळत नसले, आणि तुमचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये असला, तर समजायचं की तुमच्या सोसायटीच्या बाहेर आणखी एक मोठं गेट आहे, कंपनीचं. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात.

३ फेब्रुवारी २०११ला जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले आयपीव्ही४ पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा साठा तळाला लागला, इतर कुठल्याही विभागाच्या आधी. २०१२मध्ये मग हे १००.६४वाले पत्ते खास कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले. इंटरनेट ज्यांच्याकडे लवकर पोचलं त्यांनी मोकळ्या हाताने पत्ते घेतले. आपण पंगतीला उशिरा आलो, तेव्हा पानं संपत आली होती. म्हणून आपल्याकडचे, विशेषतः छोटे नेटवाले, एकाच पत्त्याखाली शेकडो घरं बसवतात. यात फसवणूक नाही, टंचाई आहे. आयपीव्ही६मध्ये पत्त्यांची अजिबात टंचाई नाही आणि त्याच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, पण ते नेटवाल्याने दिलेलं हवं, राउटरला कळायला हवं आणि गेमलाही.

हे कळल्यावर एक बरं वाटतं. माझ्या राउटरमध्ये मी कितीही दारं उघडली तरी पाहुणा माझ्या दारापर्यंत पोचतच नव्हता. अशा वेळी घरात करण्यासारखं काही उरत नाही, फोनच करावा लागतो. केला. या वेळी त्या मुलाने जेन्ट्स विचारलं नाही. "पब्लिक आयपी पाहिजे का मॅडम? महिन्याला दोनशे जास्त." आईला सांगितलं, दोनशे रुपये. आईने विचारलं, "कशाचे?" मी म्हटलं, "त्याचा आवाज येईल." आईने पुढे काही विचारलं नाही, डब्यातून काढून दिले.

दोन दिवसांनी राउटर बंद करून चालू केला. नॅट टाइप २. त्या शुक्रवारी पार्टीत त्याच्या नावापुढचं चिन्ह गेलं आणि पहिला आवाज आला तो चिप्स खाण्याचा.

टोलनाका

तरी साडेअकराच्या सुमाराला आवाज तुटायचा. स्पीड टेस्ट केली तर १००ला ९५. नेटवाला म्हणाला, "स्पीड तर फुल आहे."

स्पीड फुलच होता. प्रश्न रांगेचा होता. घोटीचा टोलनाका डोळ्यांसमोर आणा. बूथ तेवढेच आहेत, पण नाक्याआधी दोन किलोमीटर मोकळी जागा करून दिली आहे. गाड्या परत जात नाहीत, सगळ्या आत येतात आणि उभ्या राहतात. मग त्यात एक अॅम्ब्युलन्स आली की तीही पन्नास ट्रकांच्या मागे. राउटरमध्ये अशी मोठी प्रतीक्षेची जागा असते, बफर. ती भरली की पॅकेट हरवत नाहीत, पण उशिरा पोचतात. जिम गेटिस या इंजिनिअरने २०१०च्या सुमाराला याला 'बफरब्लोट' असं नाव दिलं. डाउनलोडला उशीर झालेला कोणाला कळत नाही. आवाजाला झाला की शब्द खाल्ले जातात.

आमच्याकडे ट्रक कोणाचे होते ते शोधलं. बाबांचा फोन. ते साडेअकराला झोपायच्या आधी चार्जिंगला लावायचे आणि दिवसभराचे सुप्रभात आणि फुलांचे फोटो क्लाउडवर चढायला लागायचे. अपलोडची सगळी वाट भरायची.

राउटरमध्ये एसक्यूएम किंवा 'स्मार्ट क्यू' नावाची सोय असली तर ती चालू करायची आणि तिथे मिळणाऱ्या वेगाच्या साधारण नव्वद टक्के आकडा भरायचा. म्हणजे रांग नेटवाल्याकडे न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तो ती नीट लावतो, प्रत्येक प्रवाहाला वेगळी लेन. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये मांडलेली कोडेल ही पद्धत याच्या मुळाशी आहे. दहा टक्के वेग सोडून दिला आणि आवाज तुटायचा थांबला. बाबांची फुलं सकाळपर्यंत चढतात, कोणाचं काही अडत नाही.

राहिलं ते अंतर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सरळ रेषेत मोजलं तरी जर्मनीला जाऊन यायला सत्तरच्या आसपास मिलिसेकंद लागणारच. आणि केबल सरळ जात नाही. मुंबईहून समुद्रात उतरून अरबी समुद्र, लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र आणि मार्सेय असा बऱ्याच केबलींचा रस्ता आहे. आमचं पिंग १४०-१५० असतं. २०२४च्या सुरुवातीला आणि पुन्हा सप्टेंबर २०२५मध्ये लाल समुद्रात केबल तुटल्या, तशा दिवसांत राउटरमध्ये काहीही करून उपयोग नसतो. तेवढं स्वीकारायचं.

तिसरा अटेम्प्ट

जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही तीन मॅच हरलो. तो बचावाला थांबत नव्हता, उगाच पुढे जात होता. चौथी सुरू झाली. त्यात दीड मिनिट उरलेलं असताना म्हणाला, "ताई, माझा तिसरा अटेम्प्ट आहे."

"कशाचा?"

"एक पेपर आहे. दोनदा गेलाय."

जर्मनीत बऱ्याच विद्यापीठांत एका सक्तीच्या विषयाला तीनच संधी असतात. तिसरी गेली की तो अभ्यासक्रमच संपतो, आणि तोच विषय तिकडे दुसऱ्या विद्यापीठातही घेणं अवघड होऊन बसतं. व्हिसा विद्यार्थी असण्यावर टांगलेला. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यालाही. बाबांनी घेतलेल्या कर्जाचा आकडा तर दोघांनाही तोंडपाठ.

मी म्हटलं, "बॉल डावीकडून येतोय, घे." त्याने घेतला. मग म्हणाला, "ऑक्टोबरपासून झोप नाही गं नीट." मी म्हटलं, "हं." मॅच संपली, पुढची आपोआप लागली. आम्ही त्या रात्री पहाटे तीनपर्यंत खेळलो आणि बहुतेक सगळ्या हरलो. तो बोलत राहिला. व्हिडिओ कॉलवर कधी न आलेली वाक्यं, मध्ये मध्ये "सॉरी, माझी चूक, तो गोल माझा होता" करत. कुठला प्रश्न सुटत नाही, ग्रुपमधले कोण बोलत नाहीत, दिवाळीला घरी खोटं कसं बोलला. मी उपाय सांगितले नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, की आई-बाबांना मी सांगू का तू सांगतोस. "तू सांग. मी असताना सांग, पण कॅमेरा नको."

रविवारी तसंच केलं. आवाज टीव्हीच्या स्पीकरवर घेतला. बाबा सोफ्यावर, हातात माझा कंट्रोलर, गाडी गोल गोल फिरवत. सगळं ऐकून म्हणाले, "बरं. पेपर कधी आहे?"

पेपर फेब्रुवारीत झाला. निकाल ४.०. बाबा म्हणाले, "चारपैकी चार? मग रडत कशाला होता?" जर्मनीत १.० सगळ्यात वरचा आणि ४.० म्हणजे पास व्हायची शेवटची पायरी, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. आई शेजारी पेढे देऊन आली.

उन्हाळ्यात तो होस्टेल सोडून दोन मित्रांबरोबर फ्लॅटमध्ये राहायला गेला. तिथे स्वतःचं इंटरनेट, जर्मन घरांत असतो तसा फ्रिट्झबॉक्स राउटर, सगळा मेन्यू जर्मनमधून. परवा शुक्रवारी खेळ बाजूला ठेवून तेच चाललं होतं. त्याने स्क्रीन शेअर केली. मला जर्मन येत नाही, पण पान कसं असणार ते माहीत होतं. "'पोर्टफ्रायगाबन' असं काही दिसतंय का? तिथे जा." "ताई, तुला कसं कळलं?" "पोर्ट लिहिलंय ना त्यात. आता वरचा आयपी वाच मला." त्याने वाचला. तिकडेही कंपनीचं वरचं गेट निघालं. मी म्हटलं, "उद्या फोन कर त्यांना आणि पब्लिक आयपीव्ही४ माग."

"जर्मनमध्ये?"

"मग काय, बाबांना देतोस का फोन?"